लाज वाटावी असा शब्द

आमच्या मेहुण्याला ऑफिसात फौजदार म्हणतात. हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहिला असेल, त्याला आधी खाली बसवा. आमचा फौजदार इतका किरकोळ आहे की हातात पिशवी घेतली तर पिशवीच त्याला कुठेतरी घेऊन चालली आहे असं वाटतं. बस थांबवायला हात वर केला, तर ड्रायव्हरला वाटतं हा आपल्याला निरोप देतोय. मिशी नाही, आवाज नाही, पोट नाही. फौजदारकी सगळी स्वभावात.

त्याच्या घरात कात्रीचा कायदा आहे. कात्री घेतली की मोठ्यानं सांगायचं. दुसऱ्याला दिली की कुणाला दिली तेही सांगायचं. जो शेवटी वापरेल त्यानं ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायची. त्याची बायको सांगते, "आमच्याकडे कात्री कधी हरवत नाही हो. फक्त ती हातात येईपर्यंत कापायचं काय होतं ते विसरायला होतं." सगळे मिळून कुठे निघालो की हा दारात उभा राहून विचारतो, "सगळ्यात शेवटी बाहेर कोण पडणार?" कुणीच उत्तर देत नाही, कारण शेवटी तोच पडतो. मग कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा ओढतो. कुलपाला जीव असता तर ते स्वतःहून उघडलं असतं.

हे वेड त्याच्या धंद्यात उपयोगी पडतं. तो कम्प्युटरची भाषा सुधारतो. म्हणजे प्रोग्राम लिहिणारे इतर लोक असतात. ते ज्या भाषेत लिहितात तिच्यात कुठले नियम हवेत, कुठली चूक मशीननं आधीच पकडायला हवी, हे ठरवणाऱ्या चार डोक्यांपैकी हे एक डोकं. हे काम मला समजायला बरीच वर्षं लागली. आधी तो कागदावर चौकोन आणि बाण काढून समजवायचा आणि मी मान डोलवायचो. शेवटी कुणाच्यातरी वाढदिवसाला त्यानं भिंतीवरचे फुगे काढले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दोरा दिला.

"प्रोग्राममधली प्रत्येक वस्तू म्हणजे एक फुगा समजा, भावजी. ज्याला तो वापरायचाय त्यानं त्याचा एक दोरा धरायचा. किती जणांनी धरलाय तो आकडा फुग्यावरच लिहिलेला. एकानं सोडला की आकडा एकानं कमी. शेवटच्यानं सोडला की फुगा उडाला, जागा मोकळी. हे मोजणं आपोआप होतं, म्हणून त्याला स्मार्ट पॉइंटर म्हणतात."

"मग अडतंय कुठे?"

"काही लोक दोरा धरतच नाहीत. नुसतं बोट दाखवतात. 'तो बघा फुगा.' ते मोजणीत येत नाहीत. फुगा उडून गेला तरी त्यांचं बोट तिकडेच. रिकाम्या आकाशाकडे."

"मग काय होतं?"

"नशीब चांगलं असलं तर प्रोग्राम बंद पडतो."

"आणि वाईट असलं तर?"

"बंद पडत नाही. तोवर तिथं दुसराच कुठलातरी फुगा आलेला असतो, आणि हा त्यालाच आपला समजून चालतो."

माझी बायको, म्हणजे त्याची ताई, हे सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि दोन फुग्यांनी एकमेकांचेच दोरे धरले तर?"

त्याचा चेहरा उजळला. "हा फार मोठा प्रश्न आहे, ताई. मग बाहेरचं कुणी विचारत नसलं तरी दोघंही सुटत नाहीत. कायमचे जागा अडवून बसतात."

"माहीत आहे," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

त्याची कंपनी बसस्टॉपवरच्या पाट्या चालवते. कुठली बस किती मिनिटांत येणार ते लाल अक्षरांत दाखवणाऱ्या पाट्या. त्यामागचा प्रोग्राम जुना. तो ज्यांनी लिहिला त्यांतले निम्मे निवृत्त झाले आणि उरलेल्यांना आपण काय लिहिलंय ते आठवत नाही. म्हणून मधूनच एखादी पाटी आंधळी व्हायची. कुणीतरी कुठेतरी रिकाम्या आकाशाकडे बोट दाखवलेलं असायचं. ते शोधायला आठवडा जायचा आणि सापडेपर्यंत दुसरी पाटी जायची.

यावर फौजदारानं भाषेतच एक नियम घालायचं ठरवलं. नियम सोपा होता. तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल दुसऱ्या कुणाला काम सांगणार असाल, तर ते काम संपेपर्यंत तिचा दोरा तुमच्या स्वतःच्या हातात हवा. नसेल तर कम्पायलर, म्हणजे लिहिलेलं वाचून त्याचा चालता प्रोग्राम करणारा, तिथंच अडून बसेल. "आधी धरा, मग बोला," असं म्हणेल.

पण कुठल्याही नियमाला एक मागचं दार लागतं. क्वचित अशी जागा येते की माणसाला खात्रीनं माहीत असतं, इथं दोरा धरला नाही तरी चालेल. तेव्हा कम्पायलरला "इथं तपासू नकोस" असं सांगायला एक शब्द हवा. तो शब्द काय असावा यावर बैठक बसली. कुणी म्हणालं, 'सूट' ठेवू. कुणी म्हणालं, 'मोकळं' ठेवू. फौजदार उठला. अशा वेळी तो टाचा उचलून उभा राहतो.

"शब्द छोटा ठेवला तर लोक मिठासारखा भुरभुरवतील," तो म्हणाला. "तो लिहिताना हात थरथरायला हवा. शब्द लांबलचक हवा, आणि लाज वाटावी असा हवा."

आणि त्यानं तसा शब्द केला. त्याचा अर्थ साधारण असा होतो: 'मी-न-धरता-देतोय-आणि-मला-लाज-नाही'. हे सगळं एक शब्द म्हणून लिहायचं, जोडरेघांसकट. शिवाय कुणी तो लिहिला की प्रोग्राम तयार होताना सगळ्यांच्या पडद्यावर तांबडी ओळ उमटायची आणि त्यात लिहिणाऱ्याचं नाव. बैठक हसली आणि शब्द मंजूर झाला. साहेबांनी, म्हणजे या सगळ्यांच्या वरिष्ठांनी, "कल्पक आहे" असा शेरा मारला. फौजदार त्या दिवशी आमच्याकडे आला तेव्हा जिन्यापासून बोलत आला होता.

"लाज हा भाषेचा भाग झाला, भावजी. माणसाच्या मनातली गोष्ट मी व्याकरणात बसवली."

नियम आधी चाचणीपुरता लागू झाला, आणि पुढे काही महिने ऑफिसात त्याचं राज्य होतं. तांबडी ओळ उमटली की तो आपल्या खुर्चीवरून उठायचा, ज्याचं नाव असेल त्याच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि काहीच बोलायचा नाही. मागे कुणी गप्प उभं असलं की माणसाला टाईप करता येत नाही. तो माणूस मुकाट्यानं शब्द खोडायचा.

त्याच्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्यांना सगळे शेजारीण म्हणायचे, कारण फौजदार घरी सांगताना 'आमची शेजारीण' असंच सांगायचा आणि एकदा फोनवर सांगताना सगळ्यांनी ऐकलं. वयानं त्याच्याएवढ्याच, कामात चोख, तोंडानं तिखट. दोघं एकमेकांना अरे-तुरे करायची, एकमेकांचा चहा आणायची, आणि रोज भांडायची. एकदा तिला त्या शब्दाची खरोखर गरज पडली. तिनं तो लिहिला, सरळ, उघड. तांबडी ओळ आली. फौजदार उठला, पण या वेळी मागे उभा राहिला नाही. सगळ्यांसमोर त्यानं टाळ्या वाजवल्या.

"लाज नसल्याचं जाहीर केलंस. अभिनंदन."

लोक हसले. तीही हसली, पण उशिरा. तिनं शब्द काढला आणि त्या एका ओळीसाठी तिला पूर्ण एक भाग नव्यानं लिहावा लागला. "तुझा कायदा बरोबर आहे," ती नंतर म्हणाली, "पण तू त्याची बायको झाल्यासारखा वागू नकोस." तो तेवढ्यावर खूश.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय तिथं येतो.

जुन्या प्रोग्रामचा मधला भाग नव्या नियमात बसवायचं काम फौजदारानं स्वतःकडे घेतलं होतं. त्यात एक जागा आली. प्रत्येक पाटीकडे स्वतःचं एक वेळापत्रक असतं. पाटी सुरू झाली की ते तिच्या हातात येतं आणि पाटी बंद होईपर्यंत तिच्याच हातात राहतं. मधे बदलत नाही. म्हणजे हा फुगा उडण्याचा प्रश्नच नव्हता, त्याचा दोरा पाटीनं जन्मभरासाठी धरलेला. पण त्याच्या नियमाला हे कळायची सोय नव्हती. नियम म्हणायचा, दर वेळी नव्यानं दोरा धरा. वेळापत्रकाला हात लागायचा शेकडो ठिकाणी. दर ठिकाणी धरा, सोडा, धरा, सोडा. पाटी इतकी हळू चालायला लागली की बस येऊन गेल्यावर ती 'आली' म्हणायची.

मागचं दार नेमकं याच्यासाठी होतं. त्यानं तो शब्द लिहायला हवा होता. लिहायला बसलाही. 'मी-न-धरता' इतपत लिहिलं आणि त्याला पुढची सगळी दृश्यं दिसली. तांबडी ओळ, तिच्यात आपलं नाव, आणि शेजारच्या टेबलावरून येणाऱ्या टाळ्या. त्यानं ते खोडलं.

मग त्यानं काय केलं, तर एक छोटंसं फंक्शन, म्हणजे नाव घेतलं की ठरलेलं काम करून देणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहिलं. नाव दिलं 'आजचं-वेळापत्रक-द्या'. किती साळसूद नाव. आत मात्र तेच, न धरता देणं. आणि ते ठेवलं कुठे, तर भाषा बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या कप्प्यात, ज्याची तपासणी कम्पायलर करत नाही. का करत नाही, तर हे लोक चुकणार नाहीत असं गृहीत धरलेलं. गृहीत कुणी धरलं, तर त्यानंच. चौकीची झडती घ्यायला फौजदाराशिवाय कोण येणार?

तांबडी ओळ आली नाही. पाटी झपाझप चालली. साहेबांनी पाठ थोपटली. सगळ्यांनाच ते फंक्शन आवडलं, कारण ते वापरलं की नियम कुरकुर करायचा नाही, आणि ज्याअर्थी फौजदाराच्या कप्प्यातलं आहे त्याअर्थी त्यात खोट असणार नाही. त्यानं मनाशी म्हटलं, मला माहीत आहे ना ते बदलणार नाही. झालं तर मग.

पुढे कंपनीला नवी सोय हवी झाली. रस्ता बंद असला, बस वळवली, तर पाटी न थांबवता तिचं वेळापत्रक बदलता यावं. हे काम शेजारणीकडे आलं. तिनं ते नियमात राहून केलं. जुनं वेळापत्रक 'आजचं-वेळापत्रक-द्या' म्हणून मागितलं, त्यातल्या ओळी एकेक वाचत नवं लावून दिलं. नवं लागलं त्या क्षणी जुन्याचा शेवटचा दोरा सुटला. आणि ती अजून जुन्याच्याच ओळी वाचत होती. आपण दोरा धरलेलाच नाही, नुसतं बोट दाखवतोय, हे तिला कळायला मार्ग नव्हता. कम्पायलर एक अक्षर बोलला नाही.

एका सकाळी, ऐन ऑफिसच्या वेळेला, शहरातल्या झाडून सगळ्या पाट्या आंधळ्या झाल्या. माझी बायको त्या वेळी स्टॉपवर उभी होती. ती सांगते, माणसं आधी पाटीकडे बघत राहिली, मग एकमेकांकडे. एका गृहस्थांनी "आमच्या वेळी पाट्या नव्हत्याच" असं सुरू केलं आणि चुकीच्या बसमध्ये चढून गेले. परीक्षेला निघालेली एक मुलगी मात्र रडवेली होऊन प्रत्येक बसच्या मागे पळत होती. ती पोचली की नाही, कुणाला माहीत नाही.

ऑफिसात दुपारी बैठक. प्रोग्राम ज्या ओळीवर कोसळला ती ओळ शेजारणीची. साहेब म्हणाले, "हे कसं झालं?" ती म्हणाली, "मला कळत नाहीये. मी नियमाबाहेर कुठंच गेले नाही. कम्पायलरनं अडवलं नाही." आणि तिनं वळून फौजदाराकडे बघितलं. कारण नियम त्याचा, आणि तो चार शब्द बाजूनं बोलेल असं तिला वाटलं.

फौजदाराच्या पुढ्यात तीच ओळ होती. त्यात 'आजचं-वेळापत्रक-द्या' हे त्यानं वाचलं होतं आणि त्याला सगळं कळून चुकलं होतं. आणि तरीही त्यानं साहेबांना सांगितलं, "नियमाला सगळंच कळतं असं नाही. माणसानं स्वतःचंही डोकं वापरायचं असतं."

शेजारणीनं मान खाली घातली. साहेबांनी ठरवलं की तिनं महिनाअखेरीपासून दुसऱ्या मजल्यावर जावं. तिथं बंद पडलेल्या पाट्यांच्या तक्रारी घेतात. तिथं गेलेलं माणूस परत वर येत नाही.

त्या रविवारी फौजदार आमच्याकडे आला तो कुलूप न ओढताच आला असावा, इतका गप्प. ताईनं ताट वाढलं. त्यानं पाण्याचा पेला हातात घेतला आणि धरूनच बसला. मग एकदम सगळं सांगून टाकलं, भिंतीकडे बघत.

ताई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे दोरा तू सोडलास आणि रिकाम्या आकाशाकडे बोट दाखवताना ती सापडली."

"हो."

"आणि वर तिला डोकं वापरायला सांगितलंस."

"हो."

"मग उद्या जाऊन सांग की बाबा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याला पेला कशाला धरून बसायला हवं?"

"तेवढं सोपं नाहीये, ताई. पुढच्या आठवड्यात माझा नियम सगळ्या विभागांना सक्तीचा करायचा का, ते ठरणार आहे. एक जण विरोधात आहे, दाढीवाला. तो पहिल्यापासून म्हणतोय की हा नियम पाळणं माणसाला शक्य नाही. मी हे सांगितलं की संपलं. ज्यानं केला त्यालाच पाळता आला नाही म्हटल्यावर नियम मरतो. आणि नियम मेला तर पाट्या अशाच जात राहणार. लोकांचं नुकसान आहे."

"लोकांचं," ताई म्हणाली.

"खरंच आहे ते."

"असेल. पण नियम मरेल याची भीती आहे की तुला टाळ्या पडतील याची?"

त्यानं पेला खाली ठेवला. जेवला नाही. जाताना दारात म्हणाला, "दोन्ही आहे ग. पण टाळ्यांची आधी आहे."

सोमवारी तो तिला सांगायला निघाला. चहाच्या मशीनपाशी गाठलं आणि "साखर संपली वाटतं" एवढंच बोलून आला. मंगळवारी लिफ्टमध्ये दोघंच होती. त्यानं तिच्यासाठी दार इतका वेळ धरून ठेवलं की लिफ्ट शिट्टी मारायला लागली. "सोड आता," ती म्हणाली, "मी खालीच जातेय, पळून नाही." बुधवारी तो तिच्या टेबलाशी गेला. ती आवरत होती. कप कागदात गुंडाळलेला, कुंडीतलं रोपटं खोक्यात. त्यानं तोंड उघडलं.

"काही मदत हवी आहे का?"

तिनं वर बघितलं. "तू गेले तीन दिवस माझ्याभोवती डासासारखा फिरतोयस. काय ते चाव तरी."

तो वळून आपल्या जागेवर गेला. घरी त्याची बायको सांगते, त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच कात्री घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. कापायचंही काही नव्हतं.

सक्तीच्या निर्णयाची बैठक गुरुवारी होती. मोठी खोली, लांब टेबल, सगळ्या विभागांचे लोक. शेजारीणही होती, कारण झालेल्या घटनेची माहिती तिनं द्यायची होती. म्हणजे आपल्या चुकीचं वर्णन सगळ्यांसमोर आपणच करायचं. ती कागद घेऊन उठली. पहिलं वाक्य वाचलं, "चूक माझ्या भागात झाली," आणि फौजदार उभा राहिला. या वेळी टाचा उचलल्या नव्हत्या.

"तिच्या भागात झाली नाही," तो म्हणाला. "मला पडदा द्या."

त्यानं स्वतःचा तो कप्पा उघडला, ते साळसूद नावाचं फंक्शन उघडलं, आणि आतली ओळ सगळ्यांना दिसेल इतकी मोठी केली. "हे मी लिहिलंय. यात वस्तू न धरता दिलेली आहे. इथं तो शब्द लिहायला हवा होता. मी लिहिला नाही. झाकला. ती नियमात होती, मी नव्हतो. आणि त्या दिवशी बैठकीत हे मला माहीत होतं."

दाढीवाल्याला आपली वेळ आली आहे हे कळलं. तो मागे रेलला. "म्हणजे ज्यानं कायदा केला त्यालाच तो पाळवेना."

"नाही पाळवला."

"मग आम्ही का पाळावा?"

फौजदार पडद्यापाशी तसाच उभा राहिला, आणि त्याला खात्री झाली की नियम गेला. साहेब घसा साफ करत होते. तेवढ्यात शेजारीण बोलली. ती अजून कागद हातात घेऊन उभीच होती.

"मला एक विचारायचंय. तू तो शब्द सरळ का नाही लिहिलास? तूच केलेला होता."

"लाज वाटली."

"कुणाची? तपासायला तर तूच यायचास."

"मीच आलो असतो ना," तो म्हणाला.

लोक हसले. तो हसला नाही आणि तीही हसली नाही. तिनं कागद टेबलावर ठेवला.

"मग चूक त्या शब्दात आहे," ती म्हणाली. "तो लिहायची लाज वाटते, म्हणून लोक लपवतात. उघड लिहिला असता तर मला दिसला असता आणि मी सांभाळून गेले असते. तो शब्द काढून टाका. साधा 'सूट' ठेवा, आणि पुढे कारण लिहिल्याशिवाय कम्पायलरनं ती घेऊ नये. आणि दुसरं. ते वेळापत्रक जन्मभर बदलणार नाही हे फक्त याच्या डोक्यात होतं. ते भाषेत सांगता यायला हवं. वस्तूवरच लिहायचं, 'कायमची'. मग तिला दर वेळी धरायची गरज नाही, आणि कुणी बदलायला गेलं की कम्पायलर त्याला तिथंच अडवेल. मला अडवलं असतं. पाट्या गेल्या नसत्या."

साहेबांनी दाढीवाल्याकडे बघितलं. तो दाढी कुरवाळत होता. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "शब्द काढणार असाल तर माझ्याकडे पण एक असं फंक्शन आहे."

"असं म्हणजे?"

"झाकलेलं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे दोन-तीन निघतील." मग आणखी एक हात वर झाला. मग आणखी. फौजदार सांगतो, हा सगळ्यात वाईट भाग होता. दाढीवाल्यानं शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण ही सगळी शहाणी, कामसू माणसं, तो मागे येऊन उभा राहील या भीतीनं महिनोन्महिने लपवाछपवी करत होती, आणि तांबड्या ओळी कमी झाल्या म्हणून तो घरी येऊन आम्हाला आकडे सांगत होता.

नियम मेला नाही. त्या दिवशी सक्तीचाही झाला नाही. आधी हे झाकलेले सगळे बाहेर काढायचे, मग बघू, असं ठरलं. ते काम शेजारणीला मिळालं आणि दुसऱ्या मजल्यावर जायचं रद्द झालं. नियमाचा ताबाही तिच्याकडे गेला. फौजदाराला तिच्या हाताखाली दिलं. साहेब त्याला एवढंच म्हणाले, "आता शेरा काय मारू सांगा."

त्यानं पहिल्याच दिवशी आपल्या कप्प्यातलं ते फंक्शन उघड्यावर आणलं. 'सूट' लिहिलं आणि कारणाच्या जागी येऊन अडला. सकाळी लिहिलं, 'गतीसाठी'. तिनं परत पाठवलं. दुपारी लिहिलं, 'वस्तू बदलत नाही असे गृहीत धरून'. तेही परत आलं. "गृहीत कुणी धरलं?" तिनं विचारलं. संध्याकाळी त्यानं लिहिलं, 'मला वाटलं, मला माहीत आहे.' ते तिनं ठेवून घेतलं. ते आता सगळ्यांना वाचता येतं, आणि नव्यानं कामाला लागलेल्यांना मुद्दाम दाखवतात. तो तिथून जाताना चपला बघत जातो.

खोक्यातलं रोपटं बाहेर आलं, कपही आला, पण टेबल तिनं बदलून घेतलं. खिडकीकडचं घेतलं. मधे एकदा त्यानं धीर करून विचारलं, "माफ केलंस का?"

ती काम करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या फंक्शनचं केव्हाच केलं. तसं मीही लिहिलं असतं. पण सगळ्यांसमोर मला डोकं वापरायला सांगितलंस ना, ते अजून जात नाहीये. गेलं की सांगेन."

हे त्यानं आम्हाला परवा सांगितलं. ताईनं विचारलं, "मग आता?"

"आता काही नाही. ती सांगेपर्यंत थांबायचं."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर नाही," तो म्हणाला. "ते तिचं आहे. त्याला नियम नाही करता येत." मग ताईनं वाढलेलं ताट त्यानं पुढे ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागला. पुन्हा काही वाढू का, असं विचारलं तर नको म्हणाला.